एकविसाव्या दिवसाचं मोसंबं

अंबडजवळच्या मोसंबीच्या बागेत कौसाबाई एकटीच राहायची. नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता, दोन्ही मुली लांब नांदत होत्या. आपली मोसंबी परदेशी जावीत अशी तिची फार इच्छा होती. पण निर्यात कंपनीचे मुजुमदार साहेब काही बधत नव्हते.

दुसऱ्या खेपेलाही ते ओट्यावर उभे राहूनच बोलले. "बाई, जहाजाला अठरा दिवस लागतात. तुमचं फळ आठवड्यात सुकेल. एकट्या बाईनं असलं खूळ डोक्यात घेऊ नये. टिकतं याला काही पुरावा आहे का?"

'एकट्या बाईनं' हे शब्द कौसाबाईला लागले. ती घरात गेली आणि एक मोसंबं घेऊन आली. सालीवर निळ्या शाईत साहेबांचीच सही होती, खाली तारीख.

"मागच्या खेपेला नमुना म्हणून सही केलीत आणि इथंच विसरून गेलात. तेव्हापासून फळीवरच आहे. आज एकविसावा दिवस. कापून बघा."

साहेबांनी सुरी चालवली. रस पार मनगटापर्यंत ओघळला. फोड तोंडात टाकताच त्यांचा आवाज खाली आला. "एकवीस दिवस नुसतं फळीवर होतं? घरात कुणी खाल्लं कसं नाही?"

"खाणारं कुणी असतं, साहेब, तर पुरावा उरला असता का?"

साहेब ओट्यावर खाली बसले. पहिल्या गाडीची तारीख ठरली. उरलेल्या फोडी त्यांनी तिच्यापुढे केल्या. कौसाबाईनं एक उचलली. कुणाच्या सोबतीनं खाल्लेली ती त्या हंगामातली पहिलीच फोड होती.