टिपरेसाहेबांचं विरजण

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. एक जागा सोडून.

सेवा मंडळाचे अध्यक्ष टिपरेसाहेब कुंभारआळीचं समाधान मोजायला आले. घरात फ्रीज असला की गुण, दाराला भक्कम कुलूप असलं की गुण. आळी साफ नापास झाली. "हा कट्टा पाडून इथं समाधान केंद्र बांधू," आळीच्या मधल्या कट्ट्याकडे बोट दाखवत साहेबांनी जाहीर केलं.

कट्ट्यावर बायकांमध्ये बसलेल्या सगुणाआत्यांनी हे ऐकलं. कुणाच्या घरी काय दुखतंय, ते बायकांना त्याच कट्ट्यावर कळायचं. पण आत्या हसून म्हणाल्या, "पाडायचा तर पाडा. एवढंच सांगा साहेब, घरातलं विरजण संपलं तर कुणाचं दार वाजवता?"

"आम्ही विकतचं दही आणतो."

"आणि शेजारी कोण राहतं?"

"त्यांचं... नाव विचारायचं राहिलंय."

"अगं बाई! मग हा कट्टा उचलून तुमच्याच दारात न्या. गरज तिकडं जास्त दिसतेय."

बायका खो खो हसल्या, ओशाळलेले साहेबही हसले, आणि कट्टा वाचला. त्याच संध्याकाळी साहेबांनी वाटी घेऊन शेजारचं दार वाजवलं. सकाळी दही छान घट्ट लागलं.

हे घट्ट दही तेवढं माझ्या पदरचं. साहेबांनी विरजण उकळत्या दुधात घातलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा शेजारी जावं लागलं.