हणमंताची चौदा अवजारं

डोंगराकडेच्या एका गावात हणमंत खिलारे नावाचा एक हुशार गडी होता. निदान त्याला तसं वाटायचं. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं त्याचं दुकान होतं. आपल्या ब्राउझरला त्याने चौदा एक्स्टेन्शन चिकटवली होती. एक्स्टेन्शन म्हणजे वरून जोडलेलं अवजार. एक जाहिराती अडवणारं, एक पान काळं करणारं, एक स्वस्त वस्तू हुडकणारं. निम्मी कशाला घेतली ते त्यालाही आठवत नव्हतं. फुकट मिळाली, घेतली.

एका दुपारी लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावणारे भोंगेवाले मुसाभाई आले. लेकीचा नर्सिंगचा अर्ज भरायचा होता. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. हणमंताने सगळं भरलं, बटण दाबलं. 'विनंती अयशस्वी.' पुन्हा दाबलं. तेच.

"साइट मेलीय, चाचा. सकाळपासून तिघांना परत धाडलंय. उद्या या."

"उद्या येऊन काय तुझं तोंड बघू? माझ्या साडूच्या पोरीचा अर्ज आत्ता दुपारी तालुक्याहून गेला. मेलेली साइट अर्ज घेते व्हय?"

"मग तुमच्या पोरीचा फोटो खराब असेल."

"फोटोवर नको जाऊ! भोंगा गुणगुणला तर मी गावाला शिव्या देत नाही. सगळ्या वायरी काढतो, मग एकेक लावतो. तूही मशीनला काय काय लटकवलंयस ते काढ आधी."

हणमंताचं तोंड कडू झालं. बाकावर चार माणसं बसलेली, त्यांच्यादेखत भोंगेवाल्याचं ऐकायचं? पण घड्याळात साडेचार झाले होते. त्याने चौदाही बंद केली, पान नव्याने उघडलं, अर्ज पुन्हा भरला. बटण दाबलं. गेला! पावतीसुद्धा आली.

"जिवंत झाली वाटतं साइट?" बाकावरून कुणीतरी विचारलं.

हो म्हणून सुटता आलं असतं. हणमंताने कान खाजवला. "मेलीच नव्हती. खोट माझ्या मशीनीत होती."

मग बाकावरच्यांचे अर्ज भरता भरता तो एकेक अवजार चालू करत गेला. जाहिराती अडवणारं चालू केलं आणि अर्ज अडकला. ते शहाणं अर्जालाच जाहिरात समजून दारात अडवत होतं! त्याने ते काढून टाकलं.

मुसाभाईंनी खुशीने सगळ्यांना चहा सांगितला. पण चहा येईस्तोवर हणमंत जागेवर नव्हता. सकाळपासून परत धाडलेल्या तिघांना बोलवायला तो चपला अडकवून पळाला होता.

तात्पर्य: काम अडलं की आधी आपण स्वतः जोडलेलं एकेक काढून बघावं, दुसऱ्याला नावं ठेवायला सबंध दिवस पडलाय.