हौदाकाठची बगळी

कधीकाळी एका बागेत सिमेंटच्या बगळ्यांची जोडी होती. बगळी हौदाशी, बगळा फाटकाशी. माळी रोजच्यासारखा पाणी घालत असताना खारीने बातमी आणली, "बगळीताई, वाऱ्याने भाऊजी पडले. तुकडेही उचलून नेले."



पुढे गवंडी आला. त्याने त्याच वाऱ्यात तुटलेली तिची चोच जोडली, पाय चौथऱ्यात पक्के केले.

खार म्हणाली, "आता वादळाचं भय नाही. फाटकाकडे कललेली मानही सरळ करून घ्या. तिकडे आता आहे काय?"

"पाय घट्ट झाले तेवढं पुरे," बगळी म्हणाली.

गवंड्याने मान धरून पाहिली. आतली सळईच वाकलेली होती, जोर केला तर मान तुटली असती. त्याने थापी धुतली आणि तो निघून गेला.

मान सरळ करायची राहिली.