थोरलीच्या पोटात दुखते

ही कथा निरनिराळ्या मुलखांत निरनिराळ्या तऱ्हेने सांगितली जाते. डोंगराकडचे सांगणारे तिच्यात पावट्याऐवजी हरभरा घालतात. काही जणी तिच्यातल्या सुनेला राणी करतात. एका रूपात ती शेवटी शाप देते, पण तो भाग मागाहून जोडलेला दिसतो, कारण या कथेतल्या रागाला शापाची गरज नाही. सर्व रूपांत एक गोष्ट मात्र कायम आहे. ज्याला दुसऱ्याचे बरे पाहवत नाही, त्याच्या ‘पोटात दुखते’ असे आपण म्हणतो. ज्याचे पोट खरोखर दुखते, त्याच्याजवळही हेच शब्द असतात. कथा या अडचणीवर उभी आहे.

फार फार वर्षांपूर्वी एका गावात एका कारभाऱ्याचे भरले घर होते. त्या घरात पंक्तिप्रपंच नव्हता. म्हणजे एकाच पंक्तीत एकाच्या पानावर एक आणि दुसऱ्याच्या पानावर दुसरे, असे कधी वाढले जात नसे. कारभारी हे येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत असे.

घरात दोन सुना होत्या. थोरली रांधी आणि वाढी. धाकटीच्या कमरेला नुकत्याच कोठाराच्या किल्ल्या आल्या होत्या. चुलीवर लसूण घातलेली पावट्याची उसळ बारमाही शिजे. सगळे ती खात आणि तृप्तीची ढेकर देत. थोरली ती खाई आणि तिसऱ्या प्रहरी तिचे पोट नगाऱ्यासारखे ताणले जाई. कळा येत. कधी चार दिवस कोठा जड राही, तर कधी एका दिवसात चारदा परसाकडे धावावे लागे.

तिने सासूला सांगितले. सासूने वैद्यबुवांना बोलावले. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि नाडीत काही नाही असा निर्वाळा दिला. मग सासूने धाकटीच्या कमरेच्या किल्ल्यांकडे पाहिले आणि तिला जे समजायचे ते ती समजली.

त्या दिवसापासून थोरलीचे दुखणे गावाची करमणूक झाले. पाणवठ्यावर बायका विचारत, “काय ग थोरले, आज कोणाचं बघून दुखतंय?” तिचा नवरा हे ऐके आणि मान खाली घालून जेवे.

थोरलीने मात्र स्वतःच्या पोटाकडे नीट लक्ष दिले. एकादशीला घरात वरीचे तांदूळ आणि ताक असे. त्या दिवशी तिचे पोट शांत राही. द्वादशीला पावटे शिजले की कळा परत येत. असे तिने वर्षभर पाहिले. मग सासूपाशी जाऊन, मला उसळ नको, भात आणि ताक पुरे, एवढेच तिने मागितले. सासू म्हणाली की एकादशीला देवाच्या नावाने मत्सर निघून जातो, म्हणून बरे वाटते. आणि वेगळे वाढणे म्हणजे पंक्तिप्रपंच, तो या घरात व्हायचा नाही. थोरलीने तो राग उसळीबरोबर गिळला. दोन्ही पोटात तसेच राहिले.

नवान्नाचा दिवस आला. गाव पंक्तीला बसले. वाढता वाढता थोरलीला अशी कळ आली की भांडे टेकवून ती जमिनीवर बसली.

कारभारी भरल्या पंक्तीत म्हणाला, “सणाच्या दिवशीही हिच्या पोटात दुखलंच. तिसऱ्या दिवशी गाडी जुंपा. माहेरी राहू दे, म्हणजे कोणाचं बरं बघायला नको.”

पंक्तीत हशा पिकला. थोरली भिंतीला धरून उठली. दहा वर्षे त्या घरात तिचा आवाज चढला नव्हता. आताही तो चढला नाही.

“मामंजी, रात्री तुम्हाला कांदा सोसत नाही, म्हणून तुमच्या कोशिंबिरीत मी तो घालत नाही. वैद्यबुवांना दूध बाधतं, म्हणून त्यांच्या पानाला खीर लावत नाही. हा पंक्तिप्रपंच तुम्हाला दहा वर्षं दिसला नाही. तुम्हाला होतो तो त्रास आणि मला होतो तो मत्सर? तीन दिवस आहेत ना, तर तीन दिवस मी या घराचा नेम पाळून दाखवते.”

त्या रात्रीपासून तिने सर्वांना सारखे वाढले. कारभाऱ्याच्या कोशिंबिरीतही कांदा आला. सणासाठी राहिलेल्या वैद्यबुवांच्या पानाला खीर लागली. कारभाऱ्याने पानावर हात आडवा धरला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “पंक्तिप्रपंच होईल, मामंजी.” पाहुण्यांच्या देखत त्याला हात काढावा लागला. तो मुकाट जेवला. दुसऱ्या रात्रीही जेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी राहिली. थोरलीचे गाठोडे गाडीत चढले. तिला निरोप देण्यासाठी कारभाऱ्याने बाहेर यायचे होते, पण तो ओसरीवर पोट धरून वाकडा बसला होता. सासूने घाबरून काय झाले ते विचारले.

“पोटात दुखतंय,” तो कण्हत म्हणाला.

दारात गर्दी जमली होती. गाडीवान हसू दाबत म्हणाला, “कोणाचं बघून, कारभारी?”

सगळी गर्दी खदखदून हसली. कारभाऱ्याने वैद्यबुवांना हाक मारली. वैद्यबुवा हातात लोटा घेऊन परसातून पडल्या चेहऱ्याने आले आणि त्यांनी त्याची नाडी धरली. नाडीत काही नव्हते. हे सांगताना त्यांनी थोरलीकडे पाहण्याचे टाळले.

कारभाऱ्याने मात्र पाहिले. ती गाडीजवळ उभी होती, आणि तेवढ्या गर्दीत ती एकटीच हसत नव्हती. त्याने बैल सोडायला सांगितले. पण ती जागची हलली नाही. मला भर पंक्तीत खोटी ठरवली, तर खरीही भर पंक्तीतच ठरवा, एवढेच ती म्हणाली.

बोध असा: दुसऱ्याचे दुखणे आपल्याला सापडले नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही.

त्या दुपारी पंगत बसल्यावर कारभारी उभा राहिला आणि थोरलीचे दुखणे खरे होते, चूक आपली होती, असे सर्वांदेखत म्हणाला. मग थोरली गाडीतून गाठोडे घेऊन आत आली, आणि तिने आपल्यासाठी भात शिजत घातला.