चिंचेवरच्या गाठी

"कापल्यास की सोडवल्यास?"

"काय, बाबा?"

"गाठी. ह्या फोटोतल्या."

शर्वरीने मोबाइल बाबांच्या डोळ्यांपाशी नेला. म्हाताऱ्या माणसाला दिसलं नसेल, असं तिला वाटलं. बाबांना चांगलं दिसत होतं.

टेकडीवर दर्गा, दर्ग्याला लागून चिंच. आजूबाजूच्या गावच्या बायका त्या चिंचेला नवसाची चिंधी बांधायच्या. हिंदू, मुसलमान, सगळ्या. बाबा फकीर, तिथंच राहणारे.

शर्वरी शहरातली. लोक फेकतात त्या वस्तूंतून कला करणारी, नावाजलेली. कानात सायकलच्या चेनच्या कड्या, खांद्याला ट्रकच्या ट्यूबची पिशवी. मागच्या साली बाबा दुसऱ्या गावच्या उरुसाला गेले होते, तेव्हा ती आली. दर्ग्याच्या कारभाऱ्यांना विचारलं, ते हो म्हणाले, आणि सगळं झाड साफ करून ती घेऊन गेली.

त्या चिंध्यांचा तिने पडदा केला. दोन मजले उंच. बघणारे त्याच्यापुढे उभे राहून बोलायचं विसरायचे. आता तिला त्याहून मोठा करायचा होता. अशी आणखी झाडं कुठं आहेत, ते बाबांकडून हवं होतं. जमलं तर आशीर्वादही.

"कात्रीने कापल्या," ती म्हणाली. "गाठ शाबूत राहायला हवी ना. सगळी जादू गाठीत आहे, बाबा. वर रेझिन ओतलंय, काचेसारखं घट्ट. शंभर वर्षं काही होणार नाही."

"शंभर वर्षं सुटणार नाही."

"हो ना!"

बाबांनी मोबाइल हाताने बाजूला सारला.

झाडाखाली एक म्हातारी पाय पसरून बसली होती. तिने मान वर केली.

"बाबा, हीच का ती? कातरवाली?"

"हीच, तान्हूबाई."

"दिसायला तर बरी दिसतीय."

शर्वरी हसली. तिला म्हातारी आवडली. "आजी, तुमचा एक फोटो घेऊ?"

"घे की. आधी गाठ दे."

"कसली गाठ?"

तान्हूबाईने कपाळाला हात लावला. बाबांनीच सांगितलं.

"जिचं काम झालं, तिनं इथं यायचं. दुसरीची गाठ सोडायची. कुणाचीही. मग त्या दुसरीचं काम व्हायची पाळी येते. असं चालत आलंय, बेटी."

"माझा लेक घर सोडून गेलता," तान्हूबाई म्हणाली. "मी बोलले होते, तो आला की गाठ सोडीन, तवाच त्याच्या ताटात जेवीन. आला. वाळून कोळ झालाय, पण आला. आन् मी इथं येऊन बघते तर झाड भुंडं."

"नव्या बांधल्या असतील ना कुणीतरी?"

"जिथं कातर चालली तिथं कोण बांधतंय?"

शर्वरीचा चेहरा उतरला. पण ती हार जाणारी नव्हती.

"आजी, त्या विटक्या होत्या हो. ऊन-पावसाने पार पांढऱ्या पडलेल्या. मला वाटलं, ह्यांची कामं होऊन गेली, लोक विसरले."

"काम झालेली चिंधी झाडावर राहतीया का? जिचं होत नाही, तिचीच विटते."

...

शर्वरी उठली. पिशवीतून एक सुतळी काढली आणि खालच्या फांदीला पटकन बांधली.

"घ्या, आजी. ही सोडा."

तान्हूबाईने बाबांकडे पाहिलं. बाबा उठले.

"काय मागितलंस?" त्यांनी शर्वरीला विचारलं.

"काही नाही. ह्यांच्यासाठी बांधली."

बाबांनी दोन बोटांनी गाठ ओढली. सुतळी निघून आली. ती त्यांनी शर्वरीच्या हातावर ठेवली.

"हिच्यात कुणी नाही."

"मग काय मागू? माझं सगळं नीट चाललंय, बाबा."

"मग बस."

ती बसली. चिडूनच बसली. तान्हूबाई आपली बोलत राहिली. लेक भिंतीकडे तोंड करून एकटा जेवतो म्हणाली. भाकरी तिच्या हातची, पण ती उंबऱ्यात बसते, आत नाही. काल त्याने विचारलं, आई, अजून राग गेला नाही का तुझा. नवसाची गोष्ट त्याला सांगायची नाही, तशी रीत आहे. म्हणून ती नुसती भांडी घासत राहिली.

"त्याला वाटतंय, परत आलो ते चुकलंच," तान्हूबाई म्हणाली. "पुन्हा जाईल तो."

शर्वरी हातातल्या मोबाइलकडे बघत होती. स्क्रीनवर अजून तोच फोटो. किती गाठी... आतापर्यंत तिने त्यांचे आकारच पाहिले होते.

तिने ओढणीचा काठ दाताने फाडला. उभी राहिली. टाचा उंचावून फांदीला बांधला. सावकाश. एकदा गाठ चुकली, पुन्हा घातली. मग कपाळ फांदीला टेकून तशीच राहिली.

या वेळी बाबांनी काही विचारलं नाही.

तान्हूबाईनेही वाट पाहिली नाही. नखाने, मग उरल्यासुरल्या दातांनी ती त्या गाठीला भिडली. सुटली तशी चिंधी डोळ्यांना लावली, शर्वरीच्या खांद्यावर टाकली, आणि टेकडी उतरायला लागली. त्या वयात जवळजवळ पळतच. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

चिंच पुन्हा भुंडी झाली.

"बाबा..."

"हं."

"मी मागितलं होतं, त्या सगळ्यांच्या गाठी परत येऊ देत. जिची तिला सुटू देत." तिने खांद्यावरची चिंधी मुठीत धरली. "आजींनी सोडली ना माझी? मग येतील ना त्या?"

बाबांनी उताराकडे बघितलं.

"आज ती जेवेल, बेटी."