मैनेची सवलत

घोडदळाच्या तळावर कर्नल दाभाड्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिथल्या पशुवैद्य कॅप्टन खरात बाईंनी पाच महिन्यांच्या लेकीसाठी अर्ज केला: काही महिने पहाटेऐवजी आठला येते, राहिलेलं काम संध्याकाळी भरून काढते. कर्नलनी सगळ्यांदेखत अर्ज परत केला. "अंगावर वर्दी चढली की घर विसरायचं, कॅप्टन."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाईंना तबेल्यात बोलावलं. त्यांची लाडकी घोडी मैना नुकतीच व्याली होती.

"लिहा," ते म्हणाले. "पहाटेची कवायत बंद. काम बेताचं, तेही शिंगराच्या आसपास. मन पिल्लात अडकलं की घोडी सरळ धावत नाही."

बाईंनी लिहिलं, सही केली. मग म्हणाल्या, "साहेब, मैनासुद्धा पलटणीच्याच हजेरीवर आहे. घर विसरायला तिला मी सांगू, की आपण सांगाल?"

घोड्यांना खरारा करणारे मोतद्दार हात थांबवून उभे राहिले. कर्नलचे कान तापले. त्यांनी कालचा अर्ज परत मागितला. त्यावर सही करताना त्यांना ना बाईंकडे बघवलं, ना घोडीकडे.