उंबऱ्यापाशी बसलेली आई

"…मग त्याच्या शरीरानं मलाच परकं का ठरवलं, महासतीजी?"

वृद्ध जैन साध्वी प्रशमाजी स्थानकात, साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, पाटावर बसल्या होत्या. हवेतल्या जिवांना श्वासाची इजा होऊ नये म्हणून तोंडावर बांधलेली पांढरी मुहपत्ती जराशी हलत होती.

"कोणाच्या?"

"अर्हमच्या. माझ्या मुलाच्या."

ऋजुतानं सांगितलं. अर्हमची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा तिनं स्वतःचं एक दिलं. काही दिवस चाललं. मग त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी ते ओळखलं… म्हणजे, ओळखलं नाही.

ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. त्यामुळे दुःखसुद्धा तिच्या तोंडून धड्यासारखं बाहेर पडे, आणि ते तिचं तिलाच ऐकू येई.

या पेशी म्हणजे गस्त, ती म्हणाली. शरीरभर फिरतात, जो भेटेल त्याच्या अंगावरची खूण तपासतात. आपली असेल तर पुढं जातात, नसेल तर मारतात. एकदा येऊन गेलेला जंतू वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. आईची खूण मुलाशी अर्धीच जुळते.

"अर्धी आपली असून मारतात?"

"त्यांना अर्धं कळत नाही."



आता डॉक्टरांनी औषधं देऊन ती गस्तच झोपवली होती. मूत्रपिंड तगलं तर त्यानंच तगणार होतं. पण साधी सर्दीही आता अर्हमला पेलणार नव्हती. काचेच्या खोलीत तो एकटाच होता. चार वाजता एकालाच, थोडा वेळ आत सोडत. उद्याचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर सकाळी म्हणाले होते.

महासतीजींनी दवाखान्यात येऊन मांगलिक, म्हणजे आशीर्वादाचा मंगलपाठ, ऐकवावं, असा सासूबाईंचा आग्रह होता. ऋजुतानं तो निरोप दिला. आपला स्वतःचा यावर किती विश्वास आहे, हे तिनं अलीकडे स्वतःला विचारणं सोडलं होतं.

प्रशमाजींनी मांगलिक तिथूनच म्हटलं. डोळे मिटून, सावकाश. मग तिच्याकडे पाहिलं.

"बायका इथं पुढ्यात येऊन बसतात. तू उंबऱ्यापाशी का?"

"बरं आहे इथं."

"मास्क आहे. वर ओढणीही धरलीयस."

"घसा जरा खवखवतोय… सकाळपासून. तुमचं वय आहे, म्हणून म्हटलं लांब बसावं."

"आम्हाला जपतेस."

ऋजुतानं तोंडावरची ओढणी सारखी केली.

"आणि चार वाजता?"

…

त्या खोलीच्या दारातली नर्स रोज विचारायची, सर्दी-खोकला आहे का. आज काय उत्तर द्यायचं, ते ऋजुतानं रिक्षात बसतानाच ठरवून टाकलं होतं.

"दोन मास्क लावीन. हात कोपरापर्यंत धुते मी. लांबूनच…" ती थांबली. "तो सारखा मम्मी, मम्मी करतो. त्याला काय सांगू, मम्मीला शिंक आली? आणि आज गेले नाही, आणि उद्या…"

यापुढचं तिला कुठल्या वर्गात शिकवावं लागलं नव्हतं.

"आई आहे मी त्याची," ती म्हणाली. "परकी नाही."

प्रशमाजी पाटावरून उठल्या. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू तिच्या दिशेनं चालत आल्या. जवळ येऊन तिच्याशेजारी बसणार, असं वाटलं.

ऋजुता झटकन उठली. ओढणी तोंडावर घट्ट दाबून मागं सरकली, उंबरा ओलांडून बाहेर गेली, आणि मोकळा हात पुढं करून म्हणाली, "नको… पुढं येऊ नका."

प्रशमाजी थांबल्या. त्या आडव्या धरलेल्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिल्या…

"अशीच," त्या म्हणाल्या. "चारला जा. त्याच्या दारात अशीच उभी राहा… आणि स्वतःला आत सोडू नकोस."